दोन बोटं पाणी

‘‘ती घरात आली आणि गाडीचं पाणी जायला लागलं. मी काही म्हणत नाही हो, पण योगायोग बघा ना...’’

हे माझ्याबद्दल! सासूबाई फोनवर नाशिकच्या दुर्गाआत्यांना सांगत होत्या आणि मी पडद्याच्या अलीकडे इस्त्रीचे कपडे घेऊन उभी. लग्नाला पुरते सहा महिने नाहीत झालेले, आणि माझा पायगुण थेट रेडिएटरपर्यंत पोचलेला. आता तुम्हाला सांगते, सुनेचा पाय लागला आणि दूध नासलं, नवऱ्याची बढती हुकली, हे मी ऐकून होते. पण इंजिनाचं पाणी? आमच्याकडे वाईला सगळ्या जुन्या बायका जमवल्या तरी असला पायगुण कुणाच्या ऐकिवात निघायचा नाही. पण बोलायचं कुणी? मी आपली गप्प. नवी सून ना मी! घडी घातलेले कपडे परत उलगडले आणि परत घड्या घातल्या.

आता गाडी म्हणजे काय, तर दुधी रंगाची, माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच लहान. सासऱ्यांनी ती फॅक्टरीतल्या एका साहेबांकडून घेतलेली. सासरे, म्हणजे बाबा, खडकीच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत तपासणी खात्यात होते. आयुष्यभर काम एकच, दुसऱ्यानं केलेलं उघडून बघायचं आणि मान हलवायची. त्यामुळे रोज सकाळी सहाला खाकी शर्ट, खिशाला पेन, हातात बॅटरी, बगलेत नरसाळं अशा थाटात कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरणार, बॉनेट उघडणार, रेडिएटरचं झाकण काढणार, आत बोट घालणार आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येईल असं विचारणार, ‘‘दोन बोटं कमी! पाणी जातं कुठं?’’

रोज! आणि मग तांब्यानं पाणी, अगदी काठोकाठ.

बरं, गाडीखाली थेंब नाही. वर्तमानपत्रं अंथरून झाली. सासूबाई ओरडताहेत, ‘‘अहो, रविवारची पुरवणी अजून मी वाचलेली नाही!’’ आणि बाबा पार्किंगमध्ये गुडघ्यावर बसून पुरवणी उजेडात धरताहेत. कोरडी ठणठणीत! तळमजल्यावरचे यज्ञेश्वरकाका दात घासता घासता बघत होते. ते बाबांना म्हणाले, ‘‘श्यामसुंदर, छान. आता एकदा शब्दकोडंही सोडवून टाका.’’

मग आले नागोराव. कोपऱ्यावरचं गॅरेज त्यांचं, माणूस मूळचा बीडकडचा, ठाम इतका की डॉक्टर व्हायचा राहून गेला. ‘‘सायेब, होस पाइप फुगलाय. बदला.’’ बदलला. दुसऱ्या दिवशी दोन बोटं कमी. ‘‘मंग वॉटर पंप हाय.’’ बदलला. दोन बोटं कमी. ‘‘मंग रेडिएटरच!’’ रेडिएटर उतरवला, धुतला, डाग दिला, परत बसवला. सकाळी बाबांनी बोट घातलं... सांगू का काय झालं? नकोच. ‘‘नागोराव, पाणी जातं कुठं?’’ नागोराव तंबाखू मळता मळता म्हणाले, ‘‘सायेब, इंजन पितंय.’’

इंजिन पाणी पितं म्हटल्यावर पुरावा नको? बाबा स्वयंपाकघरात आले आणि कल्हई केलेल्यासारखं लखलखीत स्टीलचं ताट घेऊन गेले, का, तर सायलेन्सरपुढे धरायला! वाफ आली तर ताटावर पाणी जमेल. नागोराव आत बसून अॅक्सिलरेटर दाबताहेत, बाबा ताट धरून उकिडवे बसलेत, आणि वरून सासूबाई, ‘‘अहो, ते माझ्या माहेरचं आहे! त्यावर नाव आहे!’’ पाणी जमलं नाही. काजळी जमली. नाव दिसेनासं झालं. ताट घासलं मी.

आणि आमचे हे? शुभंकर सॉफ्टवेअरमध्ये. साल नव्याण्णव, दोन हजार साल उजाडलं की सगळे कॉम्प्युटर गोंधळणार म्हणून ह्यांच्या ऑफिसात रात्रंदिवस नुसती तारखा तपासायची धांदल. तेच डोक्यात. ‘‘बाबा, आधी प्रॉब्लेम रीप्रोड्यूस करू. मग आयसोलेट करू.’’ नागोरावांनी माझ्याकडे बघितलं, जशी काही मी दुभाषी! ऑफिसातून इंटरनेटवरची पानं छापून आणली, त्यात अमेरिकेतल्या कुणा गृहस्थांच्या गाडीचा हीटर गळत होता. आमच्या गाडीला हीटरच नाही. पुण्यात हीटर कशाला, यज्ञेश्वरकाका आहेत की! पण एक गोष्ट त्या पानांतून कामाची निघाली. रेडिएटरच्या पाण्यात हिरवं कूलंट घाला, म्हणजे गळती दिसेल. घातलं.

आणि तुम्हाला सांगते, दिसली. मला!

मी गच्चीत कपडे वाळत घालत होते. शुभंकर गाडी चांगली तापवून ऑफिसला निघाला आणि फाटकापलीकडच्या स्पीडब्रेकरवर गाडी आपटली, तशी मागे एक बारीक हिरवी रेघ! चांगली रस्ताभर, वळणापर्यंत. आत बसलेल्याला दिसणार कशी? आणि पार्किंगमध्ये पुरवणीवर पडणार कशी? झाकणाजवळून एक बारीक नळी खाली सोडलेली असते ना, त्यातून ओघळ. म्हटलं, म्हणजे पाणी तापल्यावर वर येतं, मावत नाही, आणि सांडतं. दुधाचं पातेलं काठोकाठ भरून गॅसवर ठेवलं तर पातेल्याला भोक आहे असं कुणी म्हणतं का? पण मी गप्प.

नुसत्या अंदाजावर बोलायचं नाही, हेही मी ह्याच घरात शिकलेय. तेवढ्यात बाबा चार दिवस दुर्गाआत्यांकडे नाशिकला गेले. जाताना काठोकाठ भरून, आणि ‘‘कुणी हात लावू नका’’ असं बजावून. मी हात लावला. रोज सकाळी, इंजिन गार असताना, बांगड्या मागे सारून आत बोट घातलं. पहिल्या दिवशी दोन बोटं कमी. दुसऱ्या दिवशी? दोनच. तिसऱ्या, चौथ्या? दोनच! गाडी रोज ऑफिसला जाऊन येतेय, कुणी थेंब घालत नाहीये, आणि पाणी आपल्या जागी शहाण्यासारखं बसलंय! गाडीला तेवढंच हवं होतं हो. वरची दोन बोटं ती रोज नको म्हणून रस्त्यावर टाकत होती आणि बाबा रोज आग्रह करकरून वाढत होते.

मग लग्नाआधी का नाही गेलं पाणी? कारण लग्नाआधी बाबा नोकरीत होते! महिन्यातून एखाद्या रविवारी बघायचे, तेही वेळ मिळाला तर. मे महिन्यात आमचं लग्न लागलं आणि त्याच मेअखेर त्यांना हार, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. सासूबाईंचं गणित बरोबरच होतं, फक्त माणूस चुकला होता.

रात्री शुभंकरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘‘बरोबर वाटतंय गं. सांग ना बाबांना.’’

‘‘मी? तुमचे वडील आहेत ते.’’

‘‘म्हणून तर! मला आयुष्यभर इथं राहायचंय.’’

‘‘मग मी काय भाड्यानं आलेय?’’

ह्यावर तो तारखा तपासायला निघून गेला.

आणि खरं सांगू? मलाही बोलवत नव्हतं. दिवसभर ह्या माणसाला कुणी काही विचारत नाही. भाजी आणतात, ती सासूबाई परत निवडतात. सकाळची ती दहा मिनिटं, खाकी शर्टातली, तेवढीच काय ती नोकरी उरलेली. ती कशी काढून घ्यायची? तर गप्प.

पण आला दिवाळसण! पहिला. जावयाला घेऊन सगळ्यांनी वाईला जायचं, आई तिकडे अनारसे तळून वाट बघतेय, मी सहा महिन्यांत माहेरचा उंबरा पाहिलेला नाही. आणि निघायच्या सकाळी, बॅगा खाली, फराळाचे डबे खाली, नागोराव पान्यांची पिशवी घेऊन हजर, बाबांचं बोट रेडिएटरमध्ये...

‘‘दोन बोटं! नागोराव, पाणी जातं कुठं?’’

‘‘सायेब, आता इंजनाचं हेडच उतरवावं लागंल. दिवाळीनंतर बघू.’’

‘‘म्हणजे कात्रज, खंबाटकी दोन्ही घाट रद्द,’’ बाबा म्हणाले. ‘‘ही गाडी मी घाटात नेणार नाही. आणि व्याह्यांच्या दारात एस्टीनं उतरणार नाही. दिवाळसण पुढच्या वर्षी.’’

‘‘अहो, पहिला दिवाळसण पुढच्या वर्षी कसा होईल? तो दुसरा होईल!’’ सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, पण मला नीट ऐकू येईल असं, ‘‘काय तरी एकेकाचं नशीब...’’

शुभंकर एका डब्याचं झाकण अत्यंत काळजीपूर्वक तपासत होता.

आता पुढचं सांगायचं तर, आम्ही गेलो वाईला. दोन्ही घाट चढलो, पाणी तिथल्या तिथं, अनारसे झकास, बाबा वाटेत तीनदा खाली उतरले आणि तिन्ही वेळा नुसते बॉनेटकडे बघून परत बसले. शिरवळपर्यंत सासूबाई नुसत्या खिडकीबाहेर बघत होत्या, तेवढंच. यज्ञेश्वरकाका अजून सोसायटीभर ती गोष्ट सांगतात. आणि तेव्हापासून ‘सूनबाई अगदी गरीब आहे हो, तोंडातून शब्द निघत नाही’ असं माझ्याबद्दल आमच्याकडे कुणी म्हणत नाही. कसं म्हणतील? सहा महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडलं, तेही भर पार्किंगमध्ये, मेकॅनिकच्या देखत, आणि त्यातून निघालं काय, तर...

‘‘बाबा, गाडीला काहीही झालेलं नाही. तुम्ही रिटायर झालात.’’