कोरडी वाट

(ओमान, जबल शम्सचा उतार. मार्चातला गुरुवार, पाऊस काल थांबलाय. ट्रेकिंग कंपनीतले दोघे उद्याची वाट तपासतायत.)

तानाजी : हसनभाई, ही तिसरी वाट. आता पाय म्हणत्यात, माघारी चल.

हसन : पायांना सांग, आठ जर्मन उद्या सकाळी बूट बांधून बसणार. खालच्या वाटेला गुडघाभर पाणी, वरच्या वाटेला बर्फ. मला कोरडी पाहिजे.

तानाजी : ओमानात बर्फ. कोरेगावात सांगितलं तर म्हणतील, आचारी परदेशी जाऊन खोटं बोलाया पण शिकला न्हाई.

हसन : चार बोटं आहे. खालचा दगड दिसत नाही, पाय मुरगळला की खलास.

तानाजी : मग ह्या वादीतनंच, कोरड्या वढ्यातनंच न्या की. वाळू बघा, भाकर भाजंल. वर आभाळ निळंशार.

हसन : आभाळ नको दाखवूस मला.

तानाजी : का? आपल्याकडं आभाळ बघूनच माणूस वढ्यात उतरतो.

हसन : आपल्याकडे. दापोलीला पऱ्याला पाणी येतं ते आपलं डोकं भिजवून. इथे पाऊस पडतो डोंगरापलीकडे, आणि पाणी येतं उन्हात.

तानाजी : गेल्या शुक्रवारी आलं तसं. टूरवरची बाई धा हात वाहून गेली. पायाच्या हाडावर निभावलं म्हणायचं. गुलजारनं वाट आदी बघाया नको व्हती? गाइड म्हणून मिरवतो.

हसन : चल. बोल ते चालत बोल.

तानाजी : सकाळधरनं टेकला न्हाईसा तुमी. च्या पण उभ्यानं.

हसन : थांब. ही बघ लीद.

तानाजी : आता लीदच हुंगायची राहिली व्हती.

हसन : आजची आहे, आत ओली. वरच्या गावातलं गाढव सकाळी खाली उतरलंय. खुरांचे ठसे बघ, कुठे चिखल नाही. गाढव माणसासारखं आभाळ बघून चालत नाही, पायाखाली बघतं.

तानाजी : मग मिळाली की वाट. कागदावर लिवा कोरडी, आन् यल्ला, चला गाडीकडं.

हसन : शेवटापर्यंत चालायची. मग लिहायचं.

तानाजी : गेल्या शुक्रवारच्या वाटेचा तर तासाभरात कागद घिऊन आला व्हता. माझा कांदा चिरून झाला न्हवता.

हसन : हं.

तानाजी : हसनभाई.

हसन : काय.

तानाजी : ती वाट चालला व्हता का तुमी?

हसन : चहाच्या टपरीवरून बघितली. आभाळ निळं होतं. म्हटलं, झालं.

तानाजी : आन् कागदावर सही गुलजारची.

हसन : सही गाइडचीच लागते. माझ्या शब्दावर केलीन त्याने.

तानाजी : आरं देवा. शनिवारी त्याचं घरचं तिकीट काढलंय अर्बाबनं, मालकानं. मी त्याला डबा बांधून देणार व्हतो, मनातल्या मनात शिव्या घालत.

हसन : त्याला सगळं ठाऊक आहे.

तानाजी : मग बोलंना का?

हसन : म्हणाला, तुमची लेक निदा इथे शाळेत आहे, चाचा. माझ्यामागे कोण, मी एकटा. रोह्याला भाऊ आहे, बघेल काहीतरी.

तानाजी : चोवीस वर्साचं पोरगं.

हसन : आठ दिवस झोप नाही मला. गाडीत बसलो तरी पाय हलतात.

तानाजी : चला मग. दम लागला तरी बोलणार न्हाई आता.

हसन : तू आणि न बोलणार.

तानाजी : ... ती बघा, डाळिंबाची झाडं. आलं गाव. पाणी न्हाई, बर्फ न्हाई. सपाता असत्या तरी आलो असतो.

हसन : बस इथे, दगडावर.

तानाजी : तुमी पण बसला? बरं झालं. हा घ्या कागद, हे पेन.

हसन : एक नको. दोन दे.

तानाजी : दुसरा कशाला?

हसन : एक उद्याच्या शुक्रवारचा. आधी अर्बाबला गेल्या शुक्रवारचा लिहितो, माझ्या सहीने.