बाळाला जरा खाली ठेव

...आणि वर मलाच म्हणते, "आई, बाळाला खाली ठेव!" ठेव म्हणे! जसं काही मी भाजीची पिशवी घेऊन फिरतेय, आणि ती एक मिनिट ओट्यावर टेकवली की माझे हात मोकळे! बसा ना, उभ्या का सगळ्या? भेटायला आलात, बरं वाटलं. फक्त सांभाळून हं, तिथे खाली प्लॅस्टिकचा हत्ती आहे, दोन दिवसांपासून तिथेच पडलाय. का पडलाय तेच तर सांगतेय, तुम्ही बसा आधी.

तर आमची मैत्री. वय दोन वर्षं आठ महिने, वजन बारा किलो तीनशे ग्रॅम. वजन मला पाठ असणारच, मी चार वर्षं चाकणला कंपनीच्या स्टोअरला आहे, सध्या सुट्टीवर. आमच्या स्टोअरच्या भिंतीवर हे एवढ्या लाल अक्षरांत लिहिलंय, 'दहा किलोच्या वरचा क्रेट एकट्याने उचलू नये', आणि कुणी उचललाच ना, की मी अशी ओरडायचे की फोर्कलिफ्टवाला पण ब्रेक मारायचा! आणि संध्याकाळी मीच घरी येऊन काय करायचे? दारातूनच हा बारा किलोचा क्रेट कडेवर! कडेवर घेऊन चहा, कडेवर घेऊन भाजी, कडेवर घेऊन फोनवर सुपरवायझरशी भांडण... आणि बाथरूमला जाताना सुद्धा... जाऊ दे, तुमच्यातल्या निम्म्यांना माहितीये.

मग हे दुसरं राहिलं. चौथ्या महिन्यात आमच्या डॉक्टरांनी, मिनल मॅडमनी, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला, आणि म्हणाल्या, "आम्रपाली, आजपासून उचलायचं नाही. बादली नाही, पाण्याचा जार नाही, आणि..." चष्म्यावरून मैत्रीकडे बघत, "ही तर अजिबात नाही. टाका सुटला तर बाळ वाचवणं माझ्या हातात राहणार नाही." एवढं सरळ सांगितलं हो त्यांनी. मी घरी येऊन त्या रात्री जेवले नाही.

आता हे त्या पोरीला कसं सांगायचं? आमच्या ह्यांना, बुद्धरत्नना, भारी कल्पना सुचली! मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ बघितला, मुलांशी नेहमी खरं बोलावं म्हणे. कंपनीत शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना गोल उभं करून सूचना देतात ना, तसं तिला समोर उभं केलं आणि म्हणाले, "मैत्री, आईनं पोटात बाळाला घेतलंय. म्हणून तिला आता तुला घेता येत नाही." झालं! पोरीनं माझ्या पोटाकडे बघितलं, मागे जाऊन पाठ बघितली, परत पुढे आली. विचारलं, "कधी घेतलं?" हे म्हणाले, "झाले की खूप दिवस." खूप दिवस! बागेतल्या झोपाळ्यावर आम्हीच तिला शिकवलेलं ना, की एकाचं झालं की उतरायचं, मग दुसऱ्याचा नंबर. दोन्ही हात वर केले आणि म्हणाली, "मग आता माझा नंबर. आई, बाळाला खाली ठेव. मला घे."

तेव्हापासून, तुम्हाला सांगते, दिवसातून चाळीस वेळा! सकाळी डोळे उघडायच्या आधी "बाळाला खाली ठेव," दात घासताना फेस उडवत "बाळाला खाली ठेव," आणि मी जरा टेकले की पोटापाशी तोंड नेऊन थेट त्यालाच, "ए, उतर!" सोसायटीतल्या बायका तिला विचारतात, भाऊ पाहिजे का बहीण, सांग बरं, लेकराच्या तोंडचं खरं होतं... तर ही सांगते, "कडेवर." भाऊ नाही, बहीण नाही, कडेवर पाहिजे तिला!

बरं, घरात दुसरं कोणी उचलायला? सासूबाई आल्यात परभणीहून खास. गिरजाबाई नाव, पण त्यांचे गुडघे, "मला बी उचलना गं बाई, वाकले की गुडघे धरायलेत." म्हणजे घरात बायका तीन. एकीला टाका, एकीला गुडघे, आणि एकीला कडेवर बसायचंय. आणि उचलू शकणारा एकमेव माणूस पहाटे कंपनीच्या बसनं निघोज्याला जातो, मोबाइल गेटवरच जमा, संध्याकाळपर्यंत नॉट रीचेबल!

तर तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. तपासणीला गेलो, मी, सासूबाई, मैत्री. मॅडम म्हणाल्या, सगळं व्यवस्थित आहे, आठ आठवडे असेच काढा. आणि मग बोट वर करून, "पण वजन उचललंस असं मला कळलं ना, तर त्या दिवसापासून इथेच ॲडमिट. आठ आठवडे बेडवरून हलायचं नाही, आणि मुलगी घरी." मुलगी घरी! आठ आठवडे! जी पोर माझ्या गाऊनचं टोक धरल्याशिवाय दुपारची झोपत नाही, ती!

मी म्हटलं नाही उचलणार, आणि निघालो. चालत. रिक्षा नाही का मिळत? मिळते हो, ढिगानं मिळतात! पण मॅडम म्हणतात सावकाश चाल, धक्के नको, आणि आपल्याकडे वीस पावलांवर एक स्पीडब्रेकर, दोन स्पीडब्रेकरच्या मध्ये खड्डा, आणि खड्डा बुजवलेला असेल तर त्याचा उंचवटा! म्हणून चालत. दहा मिनिटांचा तर रस्ता.

सहा मिनिटं चालली. मेट्रोच्या खांबापाशी आलो आणि बसली! फतकल मारून, फूटपाथवर, भर दुपारी दीड वाजता.

"मैत्री, ऊठ."

"घे."

"आई नाही घेऊ शकत बेटा."

"बाळाला खाली ठेव."

"नाही ठेवता येत."

"इथे ठेव," म्हणे, आणि शेजारची जागा हातानं झाडून दिली. झाडून दिली हो! स्वच्छ करून!

तोवर माणसं जमली. आपल्याकडे माणसं जमायला काय लागतं? बाईकवरचा एक जण हेल्मेटमधूनच, "मॅडम, उचला की तिला, उन्हात बसलीय बिचारी!" मी वळले, पोट दाखवलं, तर तो म्हणतो, "ओह." गेला! एवढंच, ओह! एक आजीबाई थांबल्या, "आम्ही नाही का नवव्या महिन्यापर्यंत दोन-दोन हंडे वाहिले? तुमची आताची नाजूक पिढी..." मी म्हटलं, आजी, तुमचे हंडे रस्त्यात बसून हट्ट करत होते का? पेरूच्या गाडीवरच्या सावित्रीबाई, इथल्या गावातल्याच, त्या पेरू घेऊन आल्या, "व्हय गं बये, चालत गेलीस तर ह्यो पेरू तुला, न्हाईतर न्हाई." पोरीनं पेरू घेतला. खाल्ला. बसूनच खाल्ला! सावित्रीबाई मला म्हणतात, "लई पोचलेली हाय गं तुझी."

मग पुढे झाला भैरू रिक्षावाला. भला माणूस, म्हणाला, "ताई, मी घेतो, घरापर्यंत सोडतो." त्यानं उचलली मात्र, पोरगी फळीसारखी ताठ, आणि मग जी किंकाळी, "हा माझा बाबा नाहीये!" अहो, अख्खा बसस्टॉप वळला! दोन पोरं तर बाह्या सरसावून निघाली. भैरूनं तिला होती तिथे ठेवली, हात वर केले, "नाही राव, मी फक्त रिक्षा चालवतो!" आणि तो खांबामागे जाऊन उभा राहिला.

सासूबाई एकीकडे मलाच, "लेकराला कामून रडवायलीस?" मी रडवतेय? मी? मी काय केलंय?

आणि इतका वेळ ना ते तिचं नाटक होतं. मला कळतं नाटक. पण भैरूनं उचलल्यावर ती घाबरली, आणि मग खरं रडायला लागली. आवाज नाही. ओठ खाली, नाक वाहतंय, पेरूचं बी गालाला चिकटलेलं, आणि दोन्ही हात वर माझ्याकडे. "खाली ठेव"सुद्धा म्हणाली नाही. नुसतं, "आई."

तुम्हाला खोटं नाही सांगत, माझे हात गेले. मी गुडघे वाकवले, एक हात तिच्या काखेत गेला पण, डोक्यात काही नाही, टाका नाही, मॅडम नाही, काही नाही. माझंच मन होत होतं हो तिला घ्यायचं! तिला वाटतं आईला नकोय. अगं, तीन महिने माझी कंबर रिकामी आहे, उभी राहिले की एका बाजूला कलते सवयीनं, मलाच पाहिजेस तू कडेवर! पण मागून ओढणी जी घट्ट धरली सासूबाईंनी, "काय करायलीस पोरी! सोड! सोड आधी!" आणि त्यांचा आवाज असा फाटला ना, की मी तिथेच थांबले. एका सेकंदानं वाचले. मी, जी चार वर्षं दुसऱ्यांवर ओरडले, क्रेट एकट्यानं उचलू नका म्हणून!

मग काय केलं? उचलता येत नाही ना, म्हणून मी खाली बसले. फूटपाथवर. सावित्रीबाईंनी एक हात धरला, भैरूनं खांबामागून येऊन दुसरा, आणि मला हळूहळू टेकवलं. ड्रेस नवीन, पण गेला तो. मैत्री लगेच मांडीवर यायला निघाली... मांडी कुठंय? सगळी मांडी त्यानं व्यापलेली! मग तिनं कान माझ्या पोटाला लावला आणि तशीच टेकली, नाक माझ्या कुर्त्याला पुसत. जरा शांत झाली. मीही शांत झाले. आणि तेवढ्यात आतून फाडकन लाथ! बरोबर तिच्या कानावर!

ताडकन उठली. "आई! त्यानं मारलं!"

मी म्हटलं आता संपलं, आता अजून एक तास. पण ती पोटाकडे बघत राहिली. विचारलं, "त्याला पाय आहेत?"

"आहेत. एवढुसे."

"मग चालत का नाही?"

"त्याला येत नाही अजून."

"काहीच येत नाही?"

"काहीच नाही. तुला सगळं येतं, त्याला काहीच नाही."

पोरीनं असा उसासा सोडला, जसा आमचे साहेब नवीन ट्रेनी बघून सोडायचे. उठली, चड्डी झाडली, आजीचा हात धरला, आणि चालायला लागली! तशीच! मागे वळून मलाच, "चल ना आई, कशाला बसलीयेस?"

कशाला बसले! मला उठायला चौघं लागली, तो बाह्या सरसावलेला एक पोरगा पण कामी आला. दहा किलोच्या वर दोघं हा नियम, मी एकाहत्तर किलो, करा हिशोब! पण मी जिंकले होते हो. संध्याकाळी हे कंपनीतून आले तर मी दारातच सांगितलं, कळलं तिला, सुटलो आपण, आपली मैत्री समजूतदार झाली! सासूबाईंनी तर रव्याचे लाडू वळायला घेतले.

आणि तेवढ्यात ही आतल्या खोलीतून आली. फ्रॉकच्या आत उशी कोंबलेली. एक हात कमरेवर, पाय फाकवून, हूं हूं करत... हुबेहूब मी! येऊन बाबांसमोर उभी राहिली, "बाबा, मला घे. माझ्या पोटात बाळ आहे. मला चालता येत नाही." हे घेतात की लगेच! खाली ठेवल्यावर हे म्हणतात, "तुझं ते पुस्तक खाली पडलंय, उचल ना." तर म्हणते, "मला वाकायचं नाही. टाका आहे."

टाका आहे!

तीन आठवडे झाले, ती उशी बाहेर येत नाही. जेवताना आत, झोपताना आत, अंघोळीपुरती माझ्याकडे सांभाळायला देते. खेळणी मात्र सगळी बाहेर काढते. काढायला टाका आड येत नाही, ठेवायला येतो! मी वाकायचं नाही, सासूबाईंचे गुडघे, आणि ही अशी... हे बिचारे आठ तास लाइनवर उभे राहून येतात आणि इथे पुन्हा दुसरी शिफ्ट, रांगत रांगत ठोकळे गोळा करतात. आणि परवापासून त्यांना ओव्हरटाइम, म्हणून तो हत्ती पडलाय.

शेवटी काल मीच हात जोडले. म्हटलं, "मैत्री, सोन्या, तुझ्या बाळाला जरा खाली ठेव ना. तेवढा हत्ती उचल, मग परत घे त्याला."

काय बघितलं हो तिनं माझ्याकडे! जवळ आली, माझ्या गालावरून हात फिरवला, आणि माझ्याच आवाजात, माझ्याच त्या समजावणीच्या सुरात म्हणाली, "नाही ठेवता येत आई. त्याला काहीच येत नाही ना. आठ आठवडे थांब हं."

माझे आठातले पाच राहिलेत. हिचे अजून आठच आहेत!

थांबतेय, काय करणार... तुम्ही निघताना तेवढा हत्ती उचलून देता का?