तोंडात टाचण्या

...आणि वर मलाच विचारतात, "मास्तर, टाचण्या सातच का हो?" आता काय कपाळ सांगू! अहो, टाचण्या कोणी मोजून तोंडात धरतं का? बाहीला लागतील तेवढ्या धरायच्या, कधी चार, कधी नऊ! पण नाही, पुस्तकात सात लिहिल्यात म्हणजे सातच हव्यात! परवा एक कॉलेजातली पोरगी आली पॅन्टची लांबी कमी करायला, तर माझ्या तोंडाकडेच टक लावून. मी भुवया उडवून विचारलं, काय गं? तर म्हणते, "नाही काका, मोजतेय. आज पाचच आहेत." आणि तोंड एवढंसं केलं, जसं काही मी फसवलंच तिला!

आता तुम्ही वाचनालयाची मंडळी. प्रेमाने बोलावलंत, खुर्ची दिलीत, पाणी दिलंत, आणि ओळख काय करून दिलीत? "कादंबरीतले शिंपीमास्तर!" अहो, तुम्हाला सांगतो, तो वेगळा आणि मी वेगळा! तो शिवताना गातो म्हणे. मी गायलो तर मशीन बंद पडेल! तो गिऱ्हाइकाला म्हणतो, "बसा, घाईत शिवलेलं कापड अंगाला आपलं मानत नाही." मी काय म्हणतो? "मंगळवारी या." मंगळवारी आले की, "शुक्रवारी बघू." अहो, मी तसला माणूसच नाही!

हे सगळं त्या लेखिकाबाईंचं काम. गल्लीच्या टोकाला राहतात, सहा वर्षं माझं गिऱ्हाईक. उजवा खांदा अर्धा इंच खाली, पुस्तकांची पिशवी वाहून वाहून. कपडे देऊन झाले तरी बाकावर बसून राहायच्या. मला वाटायचं, बिचाऱ्या एकट्या, वेळ जात नसेल. वेळ जात नसेल? अहो, बाई माझं माप घेत होत्या! मी टेपने घेतो, त्या डोळ्यांनी!

पुस्तक आणून माझ्यासमोर आपटलं ते आमच्या हिने. "वाचा. तुम्हीच आहात." मी आयुष्यात मापांच्या वहीशिवाय काही वाचलेलं नाही! पण वाचलं, कसं? कापड बघतो तसं. आधी उलटं करायचं, आतली शिलाई बघायची. हातात खडू घेऊन बसलो आणि जिथे खटकेल तिथे रेघ. तर काय! चष्मा माझा, दोऱ्याने बांधलेल्या दांडीसकट. खोकला समोरच्या घड्याळवाल्याचा. गाणं शेजारच्या इस्त्रीवाल्याचं. आणि बसल्या बसल्या पाय हलवायची खोड? ती बाईंच्या स्वतःच्या वडिलांची, एकदा त्याच मला म्हणाल्या होत्या! म्हणजे चौघांच्या चिंध्या घेतल्या, माणूस शिवला, आणि सांधा कुठे दिसेल तर शपथ! राग आला हो मला. पण कारागिरी ती कारागिरी. हात फिरवून बघावंसं वाटलं.

तरी गेलो भांडायला. म्हटलं, "बाई, त्याच्या डाव्या हातात कात्री दिलीत? ही कात्री उजव्या हाताची असते, अंगठा सोलून निघेल त्याचा!" तर बाई घाईघाईने वहीत लिहून घेतात! मग मलाच विचारतात, "मास्तर, तुम्ही शिवायला कसे शिकलात?" म्हटलं, उसवून. माझे उस्ताद जुने कोट द्यायचे, म्हणायचे, "उसव, टाके मोज, मग बोल." तर बाईंचा चेहरा असा फुलला! म्हणाल्या, "मीही तसंच केलं. एखाद्या गोष्टीतला माणूस दारातून आत येतो आणि मला त्याची दया येते. का येते? कुठल्या शब्दाला आली? पेन्सिल घेऊन तेच पान उसवत बसते, तो टाका सापडेपर्यंत. सापडला की तुमच्या बाकावर येते." आता अशा बाईशी भांडणार कसं? चहा पिऊन परत आलो.

पण एकशे बारावं पान... त्याचं काय करायचं?

सांगतो. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. याच बाई स्टुलावर उभ्या होत्या, एक बाही टाचलेली, दुसरी माझ्या हातात, आणि माझ्या तोंडात टाचण्या. तेवढ्यात माझी लेक आली. एकुलती एक हो. म्हणाली, "बाबा, परगावी नोकरी लागलीय. उद्या निघतेय. तुम्ही काहीतरी बोला ना." आणि मी काय बोललो? "हं."

बस्स! "हं!" तोंडात टाचण्या असल्यावर माणूस दुसरं काय बोलणार? ती थांबली, जरा वाट पाहिली, आणि गेली. मी टाचण्या काढेपर्यंत कोपऱ्यावरून वळलीसुद्धा. तिला वाटलं, बाबा रागावले. मला वाटलं, जरा थांबली नाही. झालं! दोन वर्षं आमच्या हिचा रविवारी लेकीला फोन, "जेवलीस का, झोपलीस का," आणि मी शेजारी बसून एकच बटण चार वेळा शिवतोय. आमची ही फोन माझ्या कानाजवळ आणते, मी तोंडाकडे बोट दाखवतो. टाचण्या! घरात, रविवारी, टाचण्या!

खरं सांगू? टाचण्यांचं नुसतं निमित्त. टाचण्या काढायला वेळ तो कितीसा लागतो? मी तिच्यासाठी दुसरं मशीन घेऊन ठेवलं होतं. दुकानावर लावायला पाटी रंगवून आणली होती, "मास्तर आणि लेक." तिला सांगितलं नव्हतं, गंमत म्हणून. ती पाटी अजून कपाटामागे उभी आहे, भिंतीकडे तोंड करून. मला राग नव्हता आला हो. मला वाईट वाटलं होतं. आणि वाईट वाटलं की माझं तोंडच शिवलं जातं.

पुस्तकातला तो काय करतो? तो एकेक टाचणी काढतो, उशीत खोचतो, सातही, आणि म्हणतो, "थांब गं. मापं तरी घेऊ दे. तिकडे तुला कोण शिवून देणार? आणि मला इथे दुपारी कोण हाक मारणार, बाबा जेवायला चला म्हणून?" मी पुस्तक मिटलं. बाईंना दोन शिव्या घातल्या, आणि रडलो. का खोटं बोलू? रडलो. आमची ही म्हणाली, "जा ना मग." मी म्हटलं, असं उठून लेकीच्या दारात जाऊन उभं राहायचं? मी तसला माणूसच नाही!

आणि दुसऱ्या रविवारी बसमध्ये!

चार तास ते वाक्य पाठ करत होतो. "थांब गं, मापं तरी घेऊ दे..." शेजारचा प्रवासी जागा बदलून बसला. पोचलो, बेल वाजवली. दार उघडलं. अंगात माझ्याच हातचा झगा, बाही उसवलेली, आणि तिने स्वतःच टाके घातलेले. काय टाके ते! कोंबडीने घातले असते तर बरे आले असते! ती बघतेय, मी बघतोय. आणि वाक्य? गेलं! अख्खं गेलं! तोंडात एकही टाचणी नाही आणि शब्दही नाही!

मग काय करतो? पिशवीतून पुस्तक काढलं. पान एकशे बारा. चष्मा चाचपतो, तर चष्मा दुकानात राहिलेला! आता डोळ्यांसमोर नुसत्या मुंग्या! मी पुस्तक लांब धरतोय, जवळ धरतोय... तेव्हा तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं. म्हणाली, "आईने मलाही पाठवलंय." आणि दारातच, उभ्या उभ्या, माझं बोलणं तीच वाचायला लागली. "थांब गं. मापं तरी घेऊ दे. तिकडे तुला कोण शिवून देणार? आणि मला इथे..." इथवर आली आणि तिने पुस्तकातच तोंड लपवलं.

मग पुढचं मीच म्हटलं. न बघता. "आणि मला इथे दुपारी कोण हाक मारणार, बाबा जेवायला चला म्हणून?"

ती म्हणाली, "चला बाबा. जेवायला चला."

जेवलो. बाही उसवून नीट शिवली. मापं घेतली. पाटीचंही सांगून टाकलं. ती रडली, मग हसली, म्हणाली, "नाव असू द्या बाबा, सुट्टीत येऊन बसेन की." आता पाटी लावलीय, येता-जाता बघा.

आणि परत आल्यावर कधी एकदा बाईंना सांगतो असं झालं मला! म्हटलं, घ्या, आयतं मिळालंय, काढा वही! बाईंनी सगळं ऐकलं, डोळे पुसले, आणि पेनाला टोपण लावून टाकलं! "नाही मास्तर, हे नाही लिहिता यायचं." अहो का? खरं घडलंय! "म्हणूनच. बाप कादंबरी घेऊन दारात उभा, आणि बापाचं वाक्य लेकच वाचतेय? वाचक म्हणतील, काहीतरी जुळवून आणलंय. आणि शिवाय..." अहो, माझ्याच दुकानात, माझ्याच बाकावर बसून, मलाच समजावतात, "शिवाय माझा शिंपी ना मास्तर, तसला माणूसच नाही हो!"