तिकडची निशांतची आई

हॅलो?… हॅलो, निशांत?… हां, आता येतोय आवाज… मेरी ख्रिसमस राजा, मेरी ख्रिसमस! देव तुझं भलं करो… अरे, कधीची फोन मांडीवर घेऊन बसलेय मी… जेवले रे, जेवले. बाबा तर जेवून आडवेसुद्धा झाले… नाही, उठवत नाही. आधी माझ्याशी बोल.

तिकीट काढलंस का?

…ते सगळं नंतर सांग. झाडाला काय लावलं, कोण कोण आलं, सगळं ऐकते. आधी तिकीट… अरे, आज सांगतो म्हणाला होतास ना तू? पुढच्या महिन्यात तुझं सेवेचं वर्ष संपतंय. आणि आपल्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, तिकडचं चर्च तुला अजून एक वर्ष राहा म्हणतंय… हो, मला सगळं कळतं. म्हैसूरला बसून केनियातलं कळतं… तुझ्या तोंडून नाही कळलं, एवढंच.

विचार करतोयस?… कर. पाळकसाहेबांच्या ओळखीच्या माणसाबरोबर करंज्या पाठवल्यात, त्या खात खात विचार कर… मिळाल्या ना?… सगळ्या?… सगळ्या वाटल्यास? अरे, संडेस्कूलच्या पोरांना द्यायच्याच, पण… आणि तू?… अर्धी. अर्धी करंजी खाल्ली माझ्या लेकानं! आणि उरलेली अर्धी?… नाही, थांब, मीच सांगते. ग्रेसबाईला.

बरोबर ना?… ममा म्हणू नकोस तिला माझ्यासमोर. ग्रेसबाई म्हण… घरमालकीण आहे ती तुझी… भाडं घेत नाही म्हणून काय झालं?

हसतंय कोण मागे?… तीच?… काय एवढं हसायला झालंय?… चपात्या?… नाताळाला चपात्या? तिकडे सणाची म्हणून चपाती करतात?… आणि लाटायला कोण बसलंय? तू?… निशांत, इथं चपाती म्हटली की तोंड वाकडं व्हायचं तुझं! सकाळ-संध्याकाळ डोसा पाहिजे, तोसुद्धा कोपऱ्यावरच्या हॉटेलातला. आणि तिकडे?… किती खाल्ल्यास?… चार-पाच!… मऊ असतात?… अरे, तेल लावून घड्या घातल्या की मऊच होणार. मी काय घड्या घालत नव्हते?… बरं बरं. तिच्या मऊ, माझ्या कडक… हो, मीच म्हणतेय, तू नाही म्हणालास. पण ‘नाही गं आई’ असंही नाही म्हणालास.

थांब हं एक मिनिट… बन्नी सुमा, बन्नी, कूतकोळ्ळी… निशांत फोन माडिदाने… शेजारची सुमा आलीये रे, बस म्हटलं तिला, तुझा फोन आलाय म्हणून. फराळाचं ताट द्यायचंय. ऐक, काय विचारतेय ती… ‘निशांत अम्मा, मुलगा कधी येतोय?’… बघ. मी नाही विचारत. ती विचारतेय. काय सांगू?… नुसतं सांगतो, सांगतो! अख्खी गल्ली विचारते मला. या गल्लीत माझं खरं नाव एकालाही माहीत नाही. सिलिंडरवालासुद्धा खालून ‘निशांत अम्मा’ म्हणून ओरडतो. आणि निशांत कुठाय तर चपात्या लाटतोय.

काम आहे, माहितीय मला… माहितीय रे. रोज पायी हिंडतोस, आजाऱ्यांपाशी बसतोस, पाणी भरतोस, पोरांना गाणी शिकवतोस… अभिमान नाही का मला? सकाळी चर्चमध्ये तुझं नाव घेऊन प्रार्थना झाली. कन्नडमध्ये, लांबलचक. मी पदर तोंडाला लावून बसले होते… देवानं बोलावलं, मी पाठवलं. देवाशी माझं भांडण नाही. त्याच्याशी कोण भांडणार? पण मी तुला देवाला दिलंय, निशांत. कुणा ग्रेसबाईला नाही दिलेलं.

हो, जळते मी. जळतेच… माहितीय, जळू नये. आजच्या दिवशी तर नाहीच नाही. आजच्या दिवस जळू दे, उद्या क्षमा मागते… ए, मला उपदेश करू नकोस हं. त्यासाठी तुला तिकडे पाठवलंय.

काय?… नको. नको रे, तिला नको देऊस फोन. मला कुठं धड इंग्रजी… निशांत! अरे ऐक…

हॅलो… येस. येस, मॅडम. सेम टू यू. मेरी ख्रिसमस… फाइन, फाइन… येस, ही इज गुड बॉय. फ्रॉम स्मॉल, ओन्ली गुड… यू आर गिव्हिंग फूड, थँक्यू… व्हॉट?… सॉरी, हू?… ममा निशांत?… नो, मॅडम. नो, नो. आय ॲम ममा निशांत. आय. इन मैसूर. यू आर ग्रेस… एव्हरीबडी कॉलिंग?… हू एव्हरीबडी?… गिव्ह निशांत. प्लीज, फोन गिव्ह निशांत.

काय म्हणतेय रे ही?… सगळं गाव तिला ममा निशांत म्हणतं? आणि तू म्हणू देतोस?… पद्धत? कसली पद्धत?… थोरल्या मुलाच्या नावानं बाईला हाक मारायची… हो, तशी आपल्याकडेही आहेच की. पण स्वतःच्या मुलाच्या ना!… तिला?… एकही नाही?… मग इतकी वर्षं काय म्हणत होते तिला?… नुसतं ग्रेस… वय काय तिचं?… साठीची बाई, आणि नुसतं ग्रेस.

…रडत नाहीये. सुमा बसलीये समोर, रडते कशाला?… वाईट वाटतंय मला तिचं. खरंच वाटतंय, देवाशपथ… बरं, शपथ नाही घेत. पण साऱ्या गावाला माझंच नाव सापडलं का? वर्षभर वापरलं, ठीक आहे. आता परत कर म्हणावं.

पुन्हा काय बोलायचंय तिला?… नाही, चिडले नाही. दे… येस, मॅडम. टेल… स्लोली, मॅडम, स्लोली… हं… हं… यू टोल्ड हिम?… गो होम?… यू?… व्हेन?… येस्टरडे. अँड ही?… ही सेड येस?… ओके… ओके, मॅडम… नो, नो, आय ॲम हॅपी. व्हेरी व्हेरी हॅपी. थँक्यू… येस. गिव्ह हिम.

सुमा! बर्ताने! निशांत बर्ताने!… हो रे, तिला सांगतेय, तू येतोयस म्हणून… तिकीटसुद्धा काढलं? मग मघापासून मी घसा फोडतेय, तेव्हा काय मिठाची गुळणी धरली होतीस?… सरप्राइज. चुलीत घाल तुझं सरप्राइज. माझा जीव गेला असता ना…

थांब पण. थांब, थांब. ती काल म्हणाली घरी जा, आणि तू लगेच हो म्हणालास?… अरे, वर्षभर मी काय म्हणतेय? दर रविवारी फोनवर ये, ये, ये. तेव्हा तू काय म्हणायचास? ‘प्रार्थना करतो आई, देव काय सांगतो बघतो.’ आणि तिनं एकदा तोंड उघडलं की झालं? देवाला निरोप धाडायला तीच भेटली? मी नाही भेटले?

काय म्हणाली ती? नेमकं सांग… नाही, टाळू नकोस… ‘तुझ्या आईच्या पोटात काय होत असेल, ते मला कळतं’… असं म्हणाली?

…तिला कळलं. एकही मूल नाही तिला, आणि तिला कळलं. माझ्या पोटच्या पोराला नाही कळलं.

…बरं, पुरे. सॉरी नको. येतोयस ना, मग पुरे… हो, खुश आहे मी. विचार सुमाला, उभी राहिलीये टाळ्या वाजवत… पण तिच्या सांगण्यावरून येतोयस, हे माझ्या डोक्यातून जायचं नाही हं. आधीच सांगून ठेवते… नाही, तसं म्हणून तिकीट बदलू नकोस! ये. कुणाच्याही सांगण्यानं ये, पण ये.

ऐक ना… निघायच्या आधी तिच्या घरात पाणी भरून ठेव. काही मोडकंतोडकं असेल तर ते नीट करून ये. एकटी बाई आहे… आणि निशांत… मला लाज वाटतेय सांगायला… निघताना तिच्या गळ्यात पडून रडू नकोस… हसू नकोस. गंमत नाही करत मी. इथून जाताना बंगळूरच्या विमानतळावर तुझ्या डोळ्यांत टिपूससुद्धा नव्हता. हात हलवलास, गेलास. मी काचेला नाक लावून उभी होते, निदान एकदा वळशील म्हणून… तू विसरलास. मी नाही विसरले.

…बरं, बरं. रडू आलं तर रड. पोटात नको ठेवूस.

पण मला सांगू नकोस… हो. ठेव आता. ठेव म्हणते ना.