मेस्त्री म्हणजे गुरू

कट्टा गावात आमच्या नव्या घराची चौकट बसली, त्या दिवशीचं सांगतो. रिवाजाप्रमाणे मेस्त्रींना, म्हणजे आमच्या सुतारांना, नारळ आणि टॉवेल दिला, आणि मला उगाच शहाणपण सुचलं. म्हटलं, "मेस्त्री हा शब्द मूळचा पोर्तुगिजांचा, गोव्यावरून आलाय. त्यांच्यात 'मेस्त्रे' म्हणजे गुरू, उस्ताद!"

मेस्त्रींनी रंधा खाली ठेवला. "खराच?" लगेच फोन लावून माझ्या हातात दिला. "ह्या जरा माझ्या बायलेक सांगा."

मी वहिनींना सगळं सांगितलं. स्पीकरवरून शांतपणे आवाज आला, "मगे त्या गुरूंका इचारा, आमच्या न्हाणीक दार कधी करतले? अजून पडदोच आसा."

मेस्त्रींनी फोन बंद केला. रंधा उचलत म्हणाले, "ह्यो शब्द पोर्तुगालातच ऱ्हवलो आसतो तर बरा झाला आसता."