वीतभर

वरोऱ्याच्या एसटी स्टँडवर, तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे कोळसा खाणीतला एक इंजिनिअर अन् त्याची बायको.

“लाइट गेली, कोळसा वर नेनारा भरलेला पट्टा चढावर थांबला. मंग?”

“मंग उलटा घसरला. पण क्लचनं धरला, नाई तं सारा कोळसा खाली आला असता.”

“कसा धरते तो?”

“सायकलच्या फ्रीव्हीलसारखा. एकाच बाजूनं फिरू देते.”

“मंग घसरला काऊन?”

“पकड बसेपर्यंत थोडा घसरतेच. आमी आधीच कागदावर गणित मांडलं होतं, त्यावरूनच ब्रेक कधी लागावा ते ठरवलं. वीतभर घसरन असं निघालं होतं.”

“अन् खरा किती घसरला?”

“वीतभरच.”

“मंग गणित बरोबर आलं नं. माह्या दादाले खरचटलं बी नाई. तुमी अजून हातानं वीत काऊन मोजून राह्यले?”

“कागदावर तुझा दादा पट्ट्याखाली उभा नव्हता, सत्यशीला.”