हेतलची नळी

(बोईसरला चाळीतली खोली. आशा कार्यकर्ती अर्चना नऊ वर्षांच्या हेतलच्या कपाळाला हात लावून बसली आहे. दारात हेतलचा बाप, अंकुश. आई, सपना, नुकतीच गेली आहे.)

अर्चना : सपना गेल्याचं कळलं, त्या दिवशी सकाळची नळी कोणी घातली होती?

अंकुश : तिनंच. साडेसातला घातली, डबा घेतला नि कंपनीत निघाली. साडेआठला फोन आला. टँकरनं उडवली म्हणून.

अर्चना : आणि त्यानंतर?

अंकुश : त्यानंतर गावालाच होतो ना. पाचव्याला दिवस केले नि काल रात्री आलो.

अर्चना : मी नळीचं विचारतेय, दादा.

अंकुश : नाय घातली.

अर्चना : एकदाही नाही?

अंकुश : डायपर ओला व्हायचा. मला वाटलं, होतेय ना लघवी.

अर्चना : ती होत नाही, भरून सांडते. आईच्या पोटातच हिचा कणा खालून मिटायचा राहिला. डॉक्टरांनी पाठ शिवली, पण तिथल्या नसा गेल्या त्या गेल्या. लघवी लागली ते हिला कळत नाही, जोर करून काढताही येत नाही. नळीनं काढली नाही तर साचते, मग उलट वर किडनीत जाते. हा ताप त्याचा. सपनाला मी हे समोर बसवून सांगितलं होतं. तुम्ही कुठे होता?

अंकुश : बाहेर. नळीच्या टायमाला मी बाहेरच जायचो. पोरगी हाय ना.

हेतल : बिडी ओढायला जायचा.

अंकुश : तू झोप.

हेतल : झोप नाय येत. पाणी दे.

अर्चना : ओठ बघा हिचे, कसे वाळलेत. पाणी कोणी तोडलं?

हेतल : सोमी आत्यानं. बोलली, कमी पी, गोधडी भिजते.

अर्चना : आणि तुम्ही ऐकून घेतलं?

अंकुश : काय बोलणार? घरात पन्नास माणूस बसलेला. सपनानं मला शपथ घातलेली, ताई. हिच्या डोक्यावर हात ठेवायला लावलेला. गावात पाय अधू हाय एवढंच सांगायचं, नळीचं कुणाला कळता नये. कळलं तर उद्या हिला कोण करून घेणार, हीच तिची भीती. ती जिती असती तर मोडली असती मी शपथ, दोन शिव्या खाल्ल्या असत्या. तिला उचलायच्या टायमाला कशी मोडू?

अर्चना : अहो, हात कुणाच्या डोक्यावर ठेवला होता?

अंकुश : हिच्याच.

अर्चना : मग?

अंकुश : कळतंय मला. आता कळतंय.

हेतल : नळ्या होत्या माझ्या दप्तरात. मी नेलेल्या गावाला.

अंकुश : मग बोलली का नाय गं?

हेतल : मला पण शपथ होती.

अर्चना : दोघं बापलेक सारखेच! उठा, रिक्षा बोलवा. पालघरच्या हॉस्पिटलात न्यायचं, आत्ताच. पाच दिवसांचं आहे, नुसत्या नळीनं आता भागायचं नाही. मी येते बरोबर.

अंकुश : आज नेली, ताई. उद्यापासून काय? मी कामावर, ही घरात. सोमी बोलते, वर्षाच्या आत दुसरी बघ.

अर्चना : नळी घालायला बायको करणार? त्याला साबणानं धुतलेले हात लागतात, मंगळसूत्र नाही लागत.

हेतल : मला नवी आई नको. मी घालीन माझी मी. आई शिकवत होती.

अंकुश : कधी?

हेतल : तू बाहेर असायचा तवा. आई आरसा धरायची.

अंकुश : मला नाय बोलली ती.

हेतल : तू विचारलं कुठं?

अंकुश : नाय विचारलं. आता मी धरू आरसा?

हेतल : तोंड भिंतीकडं करून. नि बिडीचा वास नको.

अंकुश : बरं.

अर्चना : ते नंतर ठरवा. आधी तिथल्या सिस्टरला सगळं खरं सांगायचं, काही लपवायचं नाही. हेतल, तुला विचारतील. कुठवर आलं होतं तुझं?

हेतल : हात धुवायचे, ते येतं. नळी पाकिटातून काढली की कशाला टेकवायची नाय, ते येतं. आत घालताना आईचा हात माझ्या हातावर असायचा. एकटीनं घालायची राहिली.